खिशातले घड्याळ उघडताना

आत्याचे जुने घर आवरताना एका पत्र्याच्या डब्यात, गंजलेल्या किल्ल्या आणि दोन मोडक्या चष्म्यांच्या खाली, खिशात ठेवायचे एक घड्याळ सापडले. ते आतोबांच्या वडिलांचे की चुलत्यांचे, यावर घरात दोन मते आहेत. पांढरी एनॅमलची तबकडी, रोमन आकडे, खाली सेकंदाची छोटी तबकडी आणि मध्ये ‘अमेरिकन वॉल्थॅम’ ही अक्षरे. चावी फिरत होती, पण घड्याळ चालत नव्हते. हलवले की दोन-चार टिकटिक करून पुन्हा गप्प.

माझे काम धातूंच्या पातळ थरांवरचे आहे. नॅनोमीटर हा माझ्या प्रयोगशाळेतला रोजचा शब्द. तरीही हे घड्याळ घेऊन शहराच्या जुन्या भागात, एका जिन्याखालच्या दुकानात गेलो, तेव्हा आपण काय पाहणार आहोत याची मला फारशी कल्पना नव्हती. दुकानदाराचे वय सत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले, घड्याळ कानाशी न नेता तिरके करून तोलचक्राकडे पाहिले आणि म्हणाले, “स्टाफ गेलाय, साहेब. कुणीतरी पाडलंय. आज नाही, फार पूर्वी.”

पुढचे तीन आठवडे मी सवड मिळेल तेव्हा त्यांच्या बाकावर जाऊन बसलो. एका दुरुस्तीच्या निमित्ताने जे कळले आणि त्यामागचा जो इतिहास मी नंतर वाचून काढला, तो शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते. भौतिकशास्त्राचे निदान चार धडे या साडेचार सेंटिमीटरच्या यंत्रात बसवलेले आहेत.

काकांनी ज्याला ‘स्टाफ’ म्हटले तो तोलचक्राचा आस. घड्याळाचे हृदय म्हणजे हे तोलचक्र आणि त्याला जोडलेली केसासारखी बारीक, गुंडाळलेली कमान, म्हणजे हेअरस्प्रिंग. भिंतीवरच्या घड्याळात लंबक जे काम करतो तेच काम ही जोडी करते, फक्त गुरुत्वाकर्षणाऐवजी कमानीच्या लवचीकतेवर. ख्रिस्तियान हॉयगेन्सने १६७५ मध्ये ही कल्पना जाहीर केली आणि लगेच लंडनमधून रॉबर्ट हूकने ‘ही तर माझी, कितीतरी वर्षांपूर्वीची’ असा आवाज उठवला. हूकच्या तक्रारी पुष्कळ असत. ही मात्र अगदीच निराधार नव्हती. पण चालणारे घड्याळ हॉयगेन्सने आधी करून दाखवले. त्यापूर्वी खिशातले घड्याळ दिवसाला पाव-अर्धा तास चुकले तरी मालकाला नवल वाटत नसे. कमान आल्यावर ही चूक काही मिनिटांवर आली आणि घड्याळाला मिनिटकाटा लावण्यात अर्थ उरला.

या घड्याळाचे तोलचक्र सेकंदाला पाच ठोके देते. दिवसाला चार लाख बत्तीस हजार, वर्षाला पंधरा कोटी शहात्तर लाख. एवढी ये-जा करायची तर घर्षण कमीत कमी हवे. घर्षणामुळे चक्राला होणारा विरोध हा आसाच्या त्रिज्येबरोबर वाढतो, म्हणून आसाची दोन्ही टोके जमेल तेवढी बारीक करतात. इथे ती एक दशांश मिलिमीटरच्या आसपास होती, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा थोडीशीच जाड. त्यावर सगळे चक्र तोललेले. घड्याळ हातातून फरशीवर पडले की पहिले मोडते ते हे टोक. धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा मनगटी घड्याळांत सर्रास दिसू लागल्या त्या विसाव्या शतकाच्या मध्याला. त्याआधीचे जुने घड्याळ बंद का पडले असे कुणी विचारले, तर डोळे मिटून ‘स्टाफ’ म्हणावे. निम्म्या वेळा तरी उत्तर बरोबर येईल.

काकांनी खालचा खण ओढला. त्यात कागदाच्या शेकडो पुड्या होत्या, प्रत्येकीवर कंपनीचे नाव आणि एक क्रमांक. त्यांतली एक पुडी उघडून त्यांनी चिमट्याने काळसर पोलादाचा साताठ मिलिमीटरचा तुकडा उचलला. “वॉल्थॅमचाच आहे. कधीचा ते विचारू नका.” मुंबईतल्या एका बंद पडलेल्या दुकानाचा माल त्यांनी पूर्वी उचलला होता, त्यातला हा. म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तयार झालेला सुटा भाग जवळजवळ एक शतक पुडीत पडून होता, आणि त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या एका वस्तूत तो बसेल अशी काकांची खात्री होती. आपल्याला यात नवल वाटत नाही. स्कूटरचा भाग दुकानातून आणावा तसेच हे. पण १८५० साली घड्याळाच्या बाबतीत असे कुणी बोलले असते तर लोक हसले असते. ॲरन डेनिसन बोलला आणि लोक हसलेही.

त्या काळी घड्याळे दोन ठिकाणी प्रामुख्याने बनत. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगराळ भागात हिवाळ्यात बर्फ पडले की शेतकरी कुटुंबे खिडकीशी बसून कुणी चाके, कुणी स्क्रू, कुणी आस बनवत. व्यापारी ते गोळा करून जुळवून घेई. इंग्लंडमध्ये प्रेस्कॉट गावी कच्चे यंत्र तयार होई आणि लंडन वा कॉव्हेन्ट्रीला त्याला अखेरचा हात लागे. दोन्हीकडे शेवटचा कारागीर प्रत्येक भाग शेजारच्या भागाप्रमाणे कानसत असे. त्यामुळे दोन घड्याळे वरून सारखी दिसली तरी एकाचा आस दुसऱ्यात जात नसे. भाग मोडला की नवा घडवायचा. दुरुस्ती म्हणजे अर्धी निर्मितीच.

डेनिसन बोस्टनमधला घड्याळ दुरुस्त करणारा. मोडलेल्या भागांशी रोजची गाठ असलेल्या माणसालाच ही कल्पना सुचावी हे मला महत्त्वाचे वाटते. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात बंदुकांचे भाग यंत्रावर एकसारखे बनवून कोणत्याही बंदुकीत कोणताही भाग बसवतात, हे त्याने पाहिले होते. बंदुकीचे जमते तर घड्याळाचे का नाही? १८५० मध्ये एडवर्ड हॉवर्ड आणि डेव्हिड डेव्हिस यांच्या साथीने त्याने रॉक्सबरी येथे कारखाना काढला. १८५४ मध्ये तो चार्ल्स नदीकाठी वॉल्थॅम गावी हलवला आणि १८५७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. कल्पना बरोबर होती, पण तिला लागणारी यंत्रे बाजारात नव्हती. आधी घड्याळ बनवणारे यंत्र बनवायचे, त्यासाठी मोजमापाची साधने बनवायची, ती वापरणारी माणसे तयार करायची, आणि तोवर पगार द्यायचे. लिलावात कारखाना रॉयल रॉबिन्सच्या हाती गेला आणि त्याने तो नेटाने चालवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. घरापासून दूर गेलेल्या हजारो सैनिकांना स्वस्त आणि दणकट घड्याळ हवे होते. कारखाना तरला. डेनिसन मात्र तोवर बाजूला पडला होता. पुढे तो इंग्लंडला बर्मिंगहॅमला गेला आणि तिथे घड्याळांची आवरणे बनवून यशस्वी झाला. आतल्या यंत्राने बुडवले आणि बाहेरच्या डबीने तारले, असा त्याचा हिशेब.

आता आपल्या दुरुस्तीकडे येऊ. काकांनी जुना आस चक्रातून काढला, नवा लावला आणि त्याचे टोक वरच्या खड्याच्या छिद्रात घालून पाहिले. गेले नाही.

मला वाटले, पुडी चुकली. काका हसले. “बरोबरच आहे. आता घासायचा.” त्यांनी आस एका छोट्या लेथवर चढवला, टोकाला पोलादी पट्टीने थोडे घासले, मोजले, पुन्हा घासले. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक होता. तो काढायला दीड तास गेला, कारण घासताना टोकाची गोलाई आणि चकाकी जाता कामा नये.

मग कारखान्याच्या त्या गाजलेल्या अदलाबदलीचे काय झाले? घरी येऊन वाचल्यावर कळले की वॉल्थॅमच्या लोकांना ही अडचण ठाऊक होती. सुरुवातीच्या काळात आसांची टोके आणि खड्यांची छिद्रे अगदी एका मापाची करणे त्यांना जमत नव्हते. मग ते प्रत्येक टोक आणि प्रत्येक छिद्र मोजत, जुळणारी जोडी निवडत, आणि ती मापे घड्याळाच्या अनुक्रमांकासमोर वहीत लिहून ठेवत. हजारो मैलांवर कुणाचा आस मोडला तर त्याने फक्त क्रमांक कळवायचा, कारखाना वही पाहून त्याच मापाचा आस पाठवी. जिथे अचूकता कमी पडली तिथे त्यांनी नोंदवहीने काम भागवले. मला ही युक्ती यंत्रांपेक्षाही अधिक आवडली. आमच्या घड्याळावरचा अनुक्रमांक सत्तर लाखांच्या पुढचा आहे. त्यावरून ते १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धातले ठरते. पण त्याची चौकशी आता कुणाकडे करणार? वॉल्थॅमचे घड्याळे बनवणे १९५७ मध्ये थांबले.

आता सर्वांत नाजूक भाग. आस बसला तरी चक्राला त्याचीच जुनी हेअरस्प्रिंग हवी. काकांनी ती आधीच अलगद काढून एका उलट्या पेल्याखाली ठेवली होती. “हिला काही झालं तर मग सगळंच अवघड,” ते म्हणाले. असे का, हे आपण गणिताने पाहू शकतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे सहज जमेल.

तोलचक्राचा आवर्तकाल हा चक्राचा जडत्व आघूर्ण भागिले कमानीची ताठरता, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. घड्याळ दिवसाला दहा सेकंदांपेक्षा जास्त चुकू नये अशी अट घाला. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे आवर्तकाल ८,६४० मध्ये एक भाग इतका अचूक हवा. वर्गमुळामुळे ताठरतेत दुप्पट चूक चालेल, म्हणजे ४,३२० मध्ये एक. पण पट्टीसारख्या कमानीची ताठरता तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. तेव्हा जाडीची अचूकता तिप्पट कडक, जवळजवळ १३,००० मध्ये एक भाग. हेअरस्प्रिंगची जाडी ०.०४ मिलिमीटर धरली तर त्याचा तेरा हजारावा भाग म्हणजे सुमारे तीन नॅनोमीटर. लोखंडाचे दोन शेजारचे अणू एकमेकांपासून पाव नॅनोमीटर अंतरावर असतात. म्हणजे कमानीच्या संपूर्ण लांबीभर जाडीत जेमतेम डझनभर अणूंच्या थरांपेक्षा जास्त फरक नको! आजही माझ्या प्रयोगशाळेत एवढा सारखा थर जमवायचा तर घाम फुटतो, आणि तोही निर्वात पात्रात. १८९० मध्ये तार ओढून आणि लाटून हे करणे शक्यच नव्हते.

घनाचे हे प्रमाण वर्गात दाखवायला काहीच खर्च नाही. एक फूटभर पोलादी पट्टी टेबलाच्या कडेवर आडवी दाबून धरा आणि मोकळ्या टोकावर बोट ठेवून वाकवा. मग तीच पट्टी कडेवर उभी धरून तशीच वाकवून पाहा. धातू तोच, लांबी तीच, पण आता ती हलायला तयार होणार नाही. जाडी आणि रुंदी यांची अदलाबदल केल्याने ताठरता शेकडो पटींनी वाढली.

तर कारखान्याने काय केले? जे बनवता येत नाही ते निवडायचे. कमानींची ताठरता मोजून त्यांचे गट पाडत, चक्रांचेही गट पाडत आणि एकमेकांना साजेशी जोडी लावत. उरलेला फरक चक्राच्या कडेवरचे इवलेसे स्क्रू आतबाहेर करून किंवा बदलून भरून काढत, आणि अगदी शेवटचा फरक कमानीची कामाची लांबी किंचित कमी-जास्त करणाऱ्या काट्याने. एकदा जुळलेली जोडी मग शेवटपर्यंत एकत्र. या कारखान्यात स्त्रिया मोठ्या संख्येने काम करत, आणि हाताचे नाजूक काम बरेचसे त्यांच्याकडे असे. ‘यंत्राने बनवलेले घड्याळ’ ही जाहिरात खरी होती, पण यंत्राच्या शेवटी एक माणूस भिंग लावून बसलेला होता, हे जाहिरातीत नसे.

तरीही या पद्धतीने जग हादरले. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शंभरीचे प्रदर्शन भरले. तिथे वॉल्थॅमने घड्याळांबरोबर आपोआप स्क्रू कापणारे यंत्रही मांडले होते. स्विस पाहुण्यांनी घड्याळे पाहिली आणि या यंत्रापुढे ते थबकले. स्वित्झर्लंडहून अमेरिकेत जाणारी घड्याळे १८७२ पासूनच्या चार वर्षांत एक तृतीयांशाच्याही खाली आली होती आणि त्याचे कारण आता डोळ्यांसमोर फिरत होते. सँतिमिए येथील लाँजिन कारखान्याचा तरुण अभियंता झाक दाविद अमेरिकेतले कारखाने हिंडला आणि १८७७ च्या सुरुवातीला त्याने आपल्या देशबांधवांसाठी एक लांबलचक अहवाल लिहिला. यंत्रे कशी आहेत, किती माणसे काय करतात, पगार किती, सारे त्यात आहे. सूर स्पष्ट होता: बदला, नाहीतर संपलात. अहवाल मोजक्या लोकांसाठी होता. त्यांतल्या पुष्कळांना तो रुचला नाही. पण हळूहळू स्विस कारखाने उभे राहिले. आणि मग अमेरिकेला जे जमले नाही ते त्यांनी केले: यंत्रे घेतली, पण खिडकीशी बसून हात तयार झालेला कारागीरही सोडला नाही. अमेरिकनांना स्विसांनी कसे गाठले याची कारणे इतिहासकार अनेक देतात, जकाती, मनगटी घड्याळांची लाट, दोन महायुद्धे. मला स्वतःला वरच्या तीन नॅनोमीटरच्या हिशेबात त्याचे एक कारण दिसते. ते सर्वमान्य आहे असा माझा दावा नाही.

दुरुस्तीत सर्वाधिक वेळ गेला तो धुण्यात. सर्व भाग सुटे करून काकांनी ते पेट्रोलमध्ये बुडवले, मऊ ब्रशने घासले आणि प्रत्येक खड्याचे छिद्र टोकदार काडीने पुसले. छिद्रांतून तपकिरी डिंकासारखे काहीतरी निघाले. ते जुने तेल. त्या काळचे उत्तम घड्याळ-तेल पॉरपॉइझ आणि त्याच्यासारख्या सागरी सस्तन प्राण्यांच्या जबड्यातल्या चरबीपासून काढत. मॅसॅच्युसेट्समधलेच न्यू बेडफर्ड बंदर त्यासाठी प्रसिद्ध होते. हे तेल थंडीत गोठत नसे, पण वर्षानुवर्षे हवेशी संयोग होऊन घट्ट होई. त्यात धूळ मिसळली की तेलाची कुरुंदाची पेस्ट बनते आणि पोलादाचे टोक कापते. ‘घड्याळ चालतेय ना, मग कशाला उघडायचे’ ही आपली वृत्ती याच कारणाने घड्याळाच्या मुळावर येते.

नवे तेल देताना काकांनी तारेच्या टोकावर जो थेंब घेतला तो मला भिंगाशिवाय दिसलाच नाही. खड्याच्या वरच्या बाजूला बशीसारखा खळगा असतो. पृष्ठताणामुळे तेल त्या खळग्यात आणि टोकाभोवती अडकून राहते. थेंब मोठा झाला तर मात्र हाच पृष्ठताण उलटतो आणि तेल पसरत पसरत नको तिथे जाते. नवशिक्या जास्त तेल देतो, असे काकांचे मत. स्वयंपाकातही तसेच, असे ते पुढे म्हणाले.

खड्यांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ‘पंधरा ज्वेल’ म्हणजे दागिना नव्हे. माणिक किंवा नीलम हे दोन्ही ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. त्यात भोक पाडून पोलादी टोक फिरवले तर दोन्हीची झीज कमी होते. ही कला निकोलास फातिओने डेबॉफ्र या घड्याळकार भावांबरोबर १७०४ मध्ये लंडनला नोंदवली. हा फातिओ गणिती आणि न्यूटनचा स्नेही. इंग्रजांनी ही कला पुढे बराच काळ आपल्यापाशीच ठेवली. आमच्या घड्याळातले खडे नैसर्गिकच असणार, कारण ज्योतीत पावडर वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची वेर्नुईची पद्धत जाहीर झाली १९०२ मध्ये. त्यानंतर घड्याळातला ‘रत्नाचा’ भाव काडीमोल झाला. आकडा मात्र तबकडीवर मिरवत राहिला.

सगळे जुळवून चावी दिली. चक्र पहिल्या क्षणी थरथरले आणि मग भराभर फिरू लागले. तो क्षण मला आठवतो. पण दुसऱ्या दिवशी गेलो तर काकांचा चेहरा पडलेला. घड्याळ तासाला वीस मिनिटे पुढे जात होते! नवा आस, स्वच्छ यंत्र, मापात तेल, आणि ही तऱ्हा.

इथे मला पहिल्यांदाच काही सुचवता आले. खिशातल्या चाव्यांच्या साखळीला एक लहानसे होकायंत्र होते. ते घड्याळाजवळ नेताच त्याची सुई तोलचक्राच्या दिशेने ओढली जाऊन थरथरू लागली. पोलादी हेअरस्प्रिंग चुंबकित झाली होती. तिचे वेढे एकमेकांना चिकटत होते, त्यामुळे कमानीची कामाची लांबी घटून ती ताठ झाली होती. तो पत्र्याचा डबा अनेक वर्षे कपाटात जुन्या रेडिओच्या मोठ्या स्पीकरला टेकून होता, हे मग आत्याच्या मुलाने सांगितले. ही व्याधी १८८० च्या दशकापासूनची आहे. डायनॅमो आणि विजेच्या मोटारी आल्या आणि अभियंत्यांची घड्याळे बिघडू लागली. पायार नावाच्या स्विस संशोधकाने तेव्हा पॅलेडियमच्या मिश्रधातूची, चुंबक न बाधणारी कमान काढली होती. ती महाग आणि मऊ.

उपाय सोपा आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वेटोळ्यात घड्याळ धरायचे आणि वीज चालू असतानाच सावकाश दूर न्यायचे. सेकंदाला पन्नास आवर्तने होत असताना क्षेत्र हळूहळू क्षीण होते, कमान प्रत्येक आवर्तनात थोडी कमी चुंबकित होते आणि शेवटी चुंबकत्व जवळजवळ उरत नाही. वीज मध्येच बंद केली तर मात्र होते त्याहून वाईट. काकांनी आणि मी हे मिळून केले. तासाचे वीस मिनिटे हे दिवसाच्या दीड मिनिटावर आले. उरलेले काम काकांनी नियामक काट्याने केले.

तोलचक्राची कड जवळून पाहिली तर ती अखंड नाही. दोन ठिकाणी कापलेली आहे, आणि ती आतून पोलादाची, बाहेरून पितळेची आहे. उन्हाळ्यात पोलादी कमान मऊ पडते. साध्या चक्राचे घड्याळ त्यामुळे दर अंश सेल्सिअसला दिवसाकाठी दहा-अकरा सेकंद मागे पडते. वीस अंशांच्या फरकाला साडेतीन मिनिटे झाली. पण या चक्रात पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, कडेची मोकळी टोके आत वळतात, वस्तुमान मध्याकडे सरकते आणि चक्र जलद होते. एक दोष दुसऱ्या दोषाने खोडायचा. अठराव्या शतकातल्या समुद्रावरच्या क्रोनोमीटरांसाठी शोधलेली ही युक्ती आतोबांच्या घरी खिशातून फिरत होती. दोषच नको अशी वाट नंतर शार्ल एदुआर्द गियोमने दाखवली. १८९६ मध्ये त्याने निकेल आणि पोलादाचा इन्व्हार हा जवळजवळ न प्रसरणारा मिश्रधातू शोधला, पुढे लवचीकता न बदलणारा एलिन्व्हार आणला, आणि १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्याला मिळाले. तो घड्याळकाराच्या घरातला.

एवढी अचूकता कुणाला हवी होती? अमेरिकेत एकाच रुळावरून समोरासमोर येणाऱ्या गाड्या वेळापत्रकावर चालत. कुणी कुठे थांबायचे हे खिशातले घड्याळ ठरवी. १९ एप्रिल १८९१ रोजी ओहायोतील किप्टन येथे टपालगाडी आणि प्रवासी गाडी आदळून माणसे मेली. एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे थांबून पुन्हा चालू झाले होते, असे त्या वेळी सांगितले गेले. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याला तपासनीस नेमले गेले आणि रेल्वेच्या घड्याळांना कडक नियम लागले: आठवड्याला तीस सेकंदांपेक्षा चूक नको. आमचे घड्याळ त्या दर्जाचे नाही, पण त्याच्याच कारखान्यातले. आपल्याकडे ते आले त्या काळात मुंबईची स्थानिक वेळ एक आणि रेल्वेची मद्रास वेळ दुसरी होती, अर्ध्या तासाच्या फरकाने. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईकरांनी आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ पुढे कितीतरी वर्षे सोडली नाही. घड्याळाचा मालक नेमका कोणती वेळ लावत होता कोण जाणे.

शेवटी काकांचा आणि माझा एक वाद झाला. त्यांना झाकण घासून चकचकीत करायचे होते आणि तबकडीवरचा केसासारखा तडा भरायचा होता. “नव्यासारखं करून देतो.” मी नको म्हणालो. घासले की धातू जातो, आणि झाकणावरची नक्षी आधीच पुसट आहे. त्यांचे म्हणणे, मग आस तरी का बदलला? तोही जुनाच होता की! प्रश्न बिनतोड होता. मोडका आस बदलल्याशिवाय घड्याळ चालत नाही आणि झाकण न घासता चालते, एवढेच उत्तर मला देता आले. त्यांना ते पटले असे नाही. मोडका आस त्यांनी नव्याच्या रिकाम्या पुडीत घालून माझ्या हातात दिला.

मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा आहेत. घड्याळ दुरुस्त करणारे अशी आपली खूण आणि साल कोरून ठेवतात. पुढच्याला कळावे म्हणून. आमच्या घड्याळात अशा चार आहेत. एक वाचता येत नाही, एक १९१२ ची, एक १९२७ ची, आणि १९४१ ची शेवटची. काकांनी भिंग लावले, सुई घेतली, थोडा विचार केला आणि १९४१ च्या खाली जागा सोडून साल कोरले. जागा का सोडली असे विचारले तर म्हणाले, “मध्ये कुणी उघडलं असेल आणि लिहायला विसरला असेल.”

आता ते आडवे ठेवले तर दिवसाला वीस सेकंद पुढे जाते आणि उभे टांगले तर चाळीस सेकंद मागे. रात्री कसे ठेवायचे ते मी दिवसाचा हिशेब पाहून ठरवतो.